मेट्रो वाघोलीपर्यंत येणार: पैसा कुणाचा आणि जाळी कुणाची?



नगरहून पुण्याची एसटी धरली की सुप्यापर्यंत गप्पा होतात, शिरूरपर्यंत एक डुलकी होते, रांजणगावला बसल्या जागेवरून गणपतीला हात जोडून होतात. कोरेगाव भीमा मागे पडलं की मात्र गाडीची गोगलगाय होते. वाघोलीत तर खिडकीबाहेरचा केळीवाला आपल्यापुढे निघून जातो. दवाखान्याची वेळ अकराची, आपण सकाळी सहाला घर सोडलेलं, आणि साडेदहाला आपण अजून वाघोलीतच.

म्हणून गेल्या बैठकीत आमच्या गटातल्या थोरल्या अक्का म्हणाल्या, "अगं, वाघोलीला मेट्रो येणार म्हणतात. ते नेमकं काय आहे ते रेडिओवर सांग की. आपल्या काय कामाचं, आणि पैसा कुणाचा जाणार?" आजचं बोलणं अक्कांच्या या दोन प्रश्नांवर आहे. तिसरा प्रश्न मी माझ्या पदरचा घातला आहे, सुरक्षिततेचा. तो का घातला, ते पुढे कळेल.

आधी काय ठरलंय ते सांगते. पुण्यात मेट्रो 6 मार्च 2022 ला सुरू झाली. त्यातला एक मार्ग वनाजपासून पुणे स्टेशन, येरवडा करत नगर रस्त्यावर रामवाडीपर्यंत येतो. रामवाडीचं स्थानक 6 मार्च 2024 ला उघडलं. आता 25 जून 2025 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने हा मार्ग दोन्ही टोकांना लांबवायला मंजुरी दिली. तिकडे वनाजहून चांदणी चौकापर्यंत, आणि इकडे, आपल्या बाजूला, रामवाडीहून वाघोलीच्या पुढे विठ्ठलवाडीपर्यंत. दोन्ही मिळून 12.75 किलोमीटर आणि 13 स्थानकं. त्यातली 11 स्थानकं आपल्या बाजूची. खर्च 3,626 कोटी 24 लाख रुपये आणि मुदत चार वर्षांची. बांधणार महामेट्रो, म्हणजे केंद्र आणि राज्य यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीतली कंपनी.

आपल्यासाठी त्या निर्णयात एक खास वाक्य आहे. अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्या बसगाड्या वाघोलीला मेट्रोशी जोडल्या जातील, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे एसटीतून वाघोलीला उतरायचं, मेट्रोत बसायचं आणि कोंडीच्या डोक्यावरून थेट पुणे स्टेशन गाठायचं. तिथून ससून जवळ. स्वारगेटला जायचं असेल तर जिल्हा न्यायालय स्थानकावर मार्ग बदलायचा. मेट्रोचं आजचं तिकीट 10 ते 35 रुपये आहे.

आता पैसा. हे समजावताना मला आमच्या गटाची गिरणी आठवते. आम्ही बारा जणींनी पिठाची गिरणी घेतली तेव्हा काही पैसे गटाच्या बचतीतून घातले आणि उरलेलं बँकेचं कर्ज काढलं. बचतीचे पैसे आपलेच, त्यांना हप्ता नाही. कर्जाला हप्ता आहे, गिरणी चालो न चालो. आणि दर महिन्याचं लाइट बिल, पट्टा, जात्याला टाकी लावणं, हे सगळं दळणाच्या पैशातून. मेट्रोचा हिशेबही याच तीन खणांचा आहे, फक्त शून्यं जास्त.

पहिला खण सरकारच्या भांडवलाचा. केंद्र आणि राज्य सारखा वाटा घालतात. दुसरा खण परदेशी बँकांच्या कर्जाचा. पुण्याच्या पहिल्या टप्प्याला युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने 60 कोटी युरोचं आणि फ्रान्सच्या विकास संस्थेने 24 कोटी 50 लाख युरोचं कर्ज दिलं. वाघोलीच्या मार्गालाही केंद्र, राज्य आणि अशा बाहेरच्या संस्था मिळून पैसा उभा करायचा आहे. ही कर्जं लांब मुदतीची असतात, व्याजही आपल्या गटाच्या कर्जापेक्षा पुष्कळ कमी. पण कर्ज युरोत आणि कमाई रुपयात. रुपया घसरला की तोच हप्ता जड होतो.

तिसरा खण रोजच्या खर्चाचा. तिकिटाचे पैसे, जाहिराती, स्थानकातले गाळे, यांतून वीज, पगार, दुरुस्ती भागवायची. नाही भागलं तर? 2017 च्या केंद्रीय मेट्रो धोरणाप्रमाणे तूट राज्याने सोसायची. राज्य म्हणजे फक्त पुणं नव्हे. पारनेर-पाथर्डीतली बाई साबण विकत घेते तेव्हा जो कर भरते, तोही त्याच तिजोरीत जातो. म्हणून अक्का, पैसा कुणाचा याचं उत्तर: थोडा तुमचाही.

पुणेकरांवर मात्र एक जादा भार आहे. तिथे घर-जमिनीच्या खरेदीत मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रोचा अधिभार लागतो. आपल्यातल्या कुणाच्या मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला असेल तर त्याने तो भरला असेल. गंमत अशी की राज्यात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तेव्हा सुनेच्या नावावर घ्या म्हणावं, मेट्रोचा टक्का तिथेच फिटला.

पुण्यातच दुसरा एक प्रकार आहे, हिंजवडी ते शिवाजीनगर. 23 किलोमीटरचा तो मार्ग खासगी कंपनीला 35 वर्षांसाठी दिला आहे. तिने बांधायचा, चालवायचा, तिकीट घ्यायचं, आणि जिथे फायद्यात बसत नाही तेवढी तूट सरकारने सुरुवातीला भरून द्यायची. गिरणी बांधून चालवायला दिल्यासारखं. वाघोलीचा मार्ग तसा नाही, तो सरकारी कंपनीकडेच आहे.

इथे एक सोपा भागाकार करून बघा. वाघोली आणि चांदणी चौकाच्या मार्गाला किलोमीटरमागे साधारण 284 कोटी लागतात. स्वारगेट ते कात्रज हा मार्ग 2024 च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला. तो 5.46 किलोमीटरचा आणि खर्च 2,954 कोटी 53 लाख, म्हणजे किलोमीटरला 541 कोटी. जवळजवळ दुप्पट. कारण कात्रजचा मार्ग जमिनीखालून आहे आणि आपला खांबांवरून. भुयारात हवा खेळती ठेवायची, धूर बाहेर काढायचा, पाणी उपसायचं, माणसं वर आणायची, याला पैसा लागतो. सुरक्षिततेला किंमत असते ती अशी.

कमी खर्चाचे पर्यायही असतात. परदेशातल्या कितीतरी शहरांत रस्त्याच्या बरोबरीने धावणारी हलकी रेल्वे आहे. आपल्या शेजारच्या नाशिकला रबरी चाकांची, वरच्या तारेवर चालणारी मेट्रो निओ 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाली होती, 2,092 कोटींची. 33 किलोमीटरला 2,092 कोटी, म्हणजे स्वस्तच. पण जाहीर होणं आणि धावणं यात काय अंतर असतं ते आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. नगर-बीड-परळी रेल्वे 1995 ची. केंद्र आणि राज्याने निम्मा-निम्मा खर्च उचलायचं ठरलं. आष्टीपर्यंतचे 66 किलोमीटर 2022 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाले, बीडला गाडी पोचली 2025 च्या सप्टेंबरात. तेव्हा लग्न होऊन आलेल्या सुना आज सासवा झाल्या. निम्मं-निम्मं ठरवणं सोपं असतं. दोन्ही घरांतून हप्ता वेळेवर येणं अवघड. म्हणून वाघोलीची चार वर्षं ऐकताना मी बोटं मोडत नाही, पण कॅलेंडरवर खूणही करत नाही. सरकारी अंदाजात या विस्तारामुळे रोज 96 हजार प्रवासी वाढतील असं 2027 सालासाठी लिहिलं आहे. मार्गच 2029 ला पुरा व्हायचा, मग हा आकडा कागदावरच राहणार, नाही का? 2057 चा अंदाज 3 लाख 49 हजारांचा आहे. हा आकडा मात्र लक्षात ठेवा, कारण जिने किती रुंद बांधायचे ते असल्या आकड्यांवर ठरतं.

आता गिरणीची राहिलेली गोष्ट. आम्ही गिरणी घेतली तेव्हा विकणाऱ्याने विचारलं, पट्ट्यावर लोखंडी जाळी हवी का? दीड हजार जादा पडतील. आम्ही म्हटलं, नको, तेवढ्यात चाळणी येईल. चार महिन्यांनी आमच्यातल्या एकीचा पदर पट्ट्यात गेला. नशीब की दुसरी बटणाजवळच उभी होती. हाताला सात टाके पडले. दुसऱ्या दिवशी आम्ही जाळी बसवली, तर ती पायाच्या बोल्टांना बसेना. गिरणी हलवावी लागली, पाया फोडावा लागला, आणि दीड हजारांचं काम सहा हजारांना पडलं. म्हणून मी सुरक्षिततेचा प्रश्न आजच्या बोलण्यात घातला. जाळीचे पैसे गिरणीच्या किमतीत धरायचे असतात.

मेट्रोत अशा जाळ्या पुष्कळ आहेत आणि बहुतेक डोळ्यांना दिसत नाहीत. पहिली म्हणजे गाड्यांमधलं अंतर. प्रत्येक गाडी रेडिओ लहरींवरून आपण कुठे आहोत ते सतत सांगत असते. पुढची गाडी जवळ आली की मागचीचा वेग आपोआप कमी होतो. चालकाचं लक्ष चुकलं तरी यंत्र ब्रेक लावतं.

दुसरी वीज. पुण्याच्या वनाज-रामवाडी मार्गावर डोक्यावरच्या तारेत 25 हजार व्होल्ट असतात. आपल्या घरात 230. हिंजवडीच्या मार्गावर तर वर तार नाहीच, रुळाच्या बाजूला विजेची तिसरी पट्टी आहे. म्हणून मोबाईल पडला, चप्पल पडली, पोराचा चेंडू पडला, तरी रुळावर उतरायचं नाही. स्थानकातल्या माणसाला सांगायचं.

तिसरी जाळी फलाटावर असते, लाल बटणाची. 2024 च्या जानेवारीत पुण्याच्या सिव्हिल कोर्ट स्थानकावर तीन वर्षांचा मुलगा खेळता खेळता रुळावर पडला. त्याला धरायला धावलेली आईही खाली गेली. दोन्ही बाजूंनी गाड्या येत होत्या. फलाटावरच्या सुरक्षारक्षकाने भिंतीवरचं आपत्कालीन बटण दाबलं आणि गाड्या स्थानकाच्या अलीकडेच थांबल्या. मायलेकरं सुखरूप निघाली. या घटनेत दोन गोष्टी बघा. बटण होतं, कारण ते नकाशातच काढलेलं होतं. आणि ते दाबणारा माणूस जागेवर होता, कारण त्याचा पगार चालू खर्चात धरलेला होता. दोन्ही खण भरलेले होते म्हणून ते पोर वाचलं.

काही मेट्रोंत फलाटाच्या कडेलाच काचेची दारं असतात. गाडी येऊन थांबली की गाडीचं आणि फलाटाचं दार एकदम उघडतं. मुंबईच्या भुयारी मेट्रोत अशी दारं आहेत. त्यांना पैसा लागतो, पण मग रुळावर पडायची भीतीच उरत नाही. वाघोलीच्या वाटेवरच्या 11 स्थानकांत ती बसणार का, हे आत्ता विचारण्याजोगं आहे. फलाट बांधून झाल्यावर त्यात दारं बसवणं म्हणजे आमचा गिरणीचा पाया फोडणं.

चौथी आगीची. आपल्याकडे 16 ऑक्टोबर 2023 ला आष्टीहून नगरला येणाऱ्या गाडीला आग लागली आणि पाच डबे जळाले, ते तुम्हाला आठवत असेल. देवाची कृपा, जीवितहानी झाली नाही. मोकळ्या माळावर लोक पटापट उतरले. मेट्रो मात्र खांबांवर असते, तिथे उडी मारायला जागा नाही. म्हणून डब्यातली बाकं, पत्रे, वायरी सहज पेट न घेणाऱ्या लागतात, आणि रुळाच्या कडेने चालत स्थानकापर्यंत जायला वाट ठेवलेली असते. जगभरातल्या मेट्रोंत एक मापदंड मानला जातो. फलाटावरची सगळी माणसं 4 मिनिटांत फलाट सोडू शकली पाहिजेत आणि 6 मिनिटांत सुरक्षित जागी पोचली पाहिजेत. मघाशी जिन्याच्या रुंदीचं म्हटलं ते यासाठी. जिना अरुंद असला तर हे गणित सुटत नाही, आणि जिना एकदा ओतला की रुंद होत नाही.

हे सगळं तपासतो कोण? मेट्रो बांधणारी कंपनी स्वतःलाच पास करून घेऊ शकत नाही. 2002 च्या कायद्याप्रमाणे मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त येऊन पाहणी करतात. त्यांची सही झाल्याशिवाय प्रवासी घेऊन गाडी धावत नाही. हे खातं रेल्वेच्या हाताखाली नाही, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यात शहाणपण आहे. ज्याचं काम तपासायचं त्याच्याच ओसरीवर तपासनिसाने बसू नये.

पण आयुक्त येतात ते शेवटी, मार्ग पुरा झाल्यावर. मधली बांधकामाची वर्षं आपण त्याच रस्त्याने जाणार. 10 जानेवारी 2023 ला बेंगळुरूत मेट्रोच्या खांबाचा उभा लोखंडी सांगाडा रस्त्यावर कोसळला आणि दुचाकीवरच्या आईचा आणि तिच्या लहानग्याचा जीव गेला. 2019 च्या सप्टेंबरात हैदराबादला पावसात मेट्रो स्थानकाखाली आडोशाला उभ्या राहिलेल्या एका बाईच्या अंगावर वरून गिलाव्याचा तुकडा पडला, ती गेली. वाघोली-खराडीला भाजी घेऊन, कामाला, लेकीकडे जाणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणी आहेत. काम सुरू झालं की पत्र्याच्या कुंपणाला चिकटून गाडी चालवू नका. क्रेनला काही लटकलेलं दिसलं तर खालून जायची घाई करू नका, आणि पाऊस आला तरी अर्ध्या पुलाखाली थांबू नका. धन्याला आणि पोरांनाही सांगा. ती जास्त घाईत असतात.

आता पुन्हा त्या वाक्याकडे येते, नगरच्या बस वाघोलीला जोडण्याच्या. माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. मेट्रो स्वतः सुरक्षित असेल, पण एसटीच्या पायरीपासून मेट्रोच्या जिन्यापर्यंतचे शंभर-दोनशे पावलं कुणाची? एसटी महामंडळाची, महामेट्रोची, महामार्गाची की महापालिकेची? चौघांची असली की कुणाचीच नसते. पूर्वी याच नगर रस्त्यावर बीआरटीचे थांबे भर रस्त्याच्या मध्यात होते. बस चांगली होती, पण तिथे पोचायला धावत्या गाड्यांतून रस्ता ओलांडावा लागे. शिवाजीनगरचं एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं. मेट्रोचं स्थानक उभं राहिलं, गाड्याही धावू लागल्या, आणि एसटीचे प्रवासी मात्र वर्षानुवर्षं वाकडेवाडीलाच उतरत राहिले. नगरच्या बायकांना ते अंतर पाठ आहे, डोक्यावर पिशवी आणि कडेवर पोर घेऊन.

तेव्हा वाघोलीच्या नकाशात काय असावं? एसटी थेट स्थानकाच्या पायथ्याशी, छपराखाली थांबावी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जिना आणि लिफ्ट असावी, आणि ज्याला मेट्रोत बसायचं नाही त्यालाही तिकीट न काढता वरून रस्ता ओलांडता यावा. रात्री साडेनऊला शेवटच्या एसटीची वाट बघणाऱ्या बाईला दिवा, पोलीस आणि स्वच्छतागृह तिकिटाच्या दाराबाहेर मिळावं, आत नव्हे. गाळे होणार असतील तर त्यातला एखादा बचत गटांना मागायलाही हरकत नाही. यातलं काहीच 3,626 कोटींपुढे मोठं नाही.

हे विचारायची वेळ नकाशा ओला असताना आहे. वाघोली आपल्या जिल्ह्यात नाही, हे खरं. पण एसटी आपल्या आगाराची आहे आणि प्रवासी आपण आहोत. आमच्या गटाने ठरवलंय, सुप्याच्या बाजूच्या आणखी चार गटांच्या सह्या घेऊन एक अर्ज आपल्या एसटीच्या विभागीय कार्यालयाला द्यायचा आणि त्याची प्रत महामेट्रोला पाठवायची. आमदार-खासदारांनाही एकेक प्रत. अर्जात चारच ओळी: बस कुठे थांबणार, जिना-लिफ्ट किती, स्वच्छतागृह कुठे, रात्री कोण असणार. ज्या गटांना सह्या करायच्या असतील त्यांनी येत्या पंधरवड्यात आपल्या गटाच्या अध्यक्षांकरवी निरोप द्यावा.

सही करताना अक्कांनी पाचवी ओळ घालायला लावली. त्या नव्वदच्या घरातल्या, नऊवारी नेसणाऱ्या. एकदा पुण्यात सरकत्या जिन्यावर त्यांच्या लुगड्याचा काठ कडेच्या फटीत अडकला होता. "साधा जिना पण ठेवा म्हणावं," त्या म्हणाल्या, "आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरायला कठडा."